डूलॅली : देवळालीचा ताप साहेबाच्या भाषेत कसा शिरला

ज्यांना आजचा भाग एसटीच्या खडखडाटात नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला मजकूर. बोलताना आलेले 'तर' आणि 'बघा' थोडे कमी केलेत, सगळे काढलेले नाहीत.

सुरुवात एका इंग्रजी शब्दापासून करू. डूलॅली. इंग्लंडमधला माणूस कुणाबद्दल 'ही हॅज गॉन डूलॅली' असं म्हणाला, तर त्याचा अर्थ होतो, याचं डोकं फिरलंय. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी हे नाव पाटीवर वाचलं असेल. २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या, ताजी बिअर बनवून देणाऱ्या एका ठिकाणाचं नाव हेच. पण तो शब्द मूळचा लंडनचा नाही, आपल्या नाशिक जिल्ह्यातला आहे. डूलॅली म्हणजे देवळाली. देवळाली कॅम्प.

आणि पूर्ण वाक्प्रचार आहे 'डूलॅली टॅप'. हा टॅप म्हणजे पाण्याचा नळ नाही. टॅप म्हणजे ताप. आपला, साधा, आजी कपाळाला हात लावून बघते तो ताप.

आता हे झालं कसं ते ऐका. १८६१ साली ब्रिटिशांनी देवळालीला लष्करी छावणी उभी केली. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर, घाट चढून वर, हवा बरी. पुढे रेल्वे कसारा घाट चढून नाशिककडे गेली आणि देवळाली सोयीचं ठिकाण झालं. इंग्लंडहून बोटीने आलेल्या गोऱ्या शिपायांना मुंबईत न ठेवता इथे आणायचं, मग देशभर पाठवायचं. आणि ज्यांची नोकरीची मुदत संपली, त्यांना देशभरातून इथे गोळा करायचं आणि बोट आली की मुंबईला नेऊन चढवायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर ट्रान्झिट कॅम्प.

अडचण बोटींची होती. सैन्य नेणाऱ्या बोटी वर्षभर चालत नव्हत्या. त्यांचा हंगाम ठरलेला, साधारण हिवाळ्याच्या आसपासचे महिने. तुमची मुदत हंगाम संपल्यावर भरली तर पुढच्या हंगामापर्यंत देवळालीतच बसायचं. उन्हाळा काढायचा, पावसाळा काढायचा. काम नाही, कवायत जवळजवळ नाही, घरी जायचं तर ठरलंय पण जाता येत नाही. दारू आहे, बाजार आहे, मलेरिया आहे. जे शिपाई सहा-सात वर्षं शिस्तीत राहिले ते इथे येऊन बिघडायचे. काही जण तर घरी जायच्या ऐवजी तुरुंगात जायचे.

हे सगळं आपल्याला कळतं ते फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या शिपायामुळे. वेल्समधला माणूस, लहानपणीच आई-वडील गेलेले, कोळशाच्या खाणीत काम केलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात शिपाई म्हणून होता. १९३६ साली त्याचं 'ओल्ड सोल्जर साहिब' हे पुस्तक आलं. सेनापतींची आत्मचरित्रं ढिगाने मिळतात, बराकीत झोपणाऱ्याचं पुस्तक क्वचित मिळतं. एखाद्या शिपायाचं वागणं विचित्र झालं की बाकीचे म्हणायचे, याला देवळालीचा ताप झालाय. त्याआधी १९२५ साली सैनिकी बोलीचा एक कोश इंग्लंडमध्ये छापला गेला, त्यातही हा शब्द आहे. पुढे सैनिक घरी गेले, शब्द बरोबर नेला, शेपटीचा 'टॅप' गळून पडला आणि नुसतं डूलॅली उरलं. आज जो इंग्रज आजोबा हा शब्द नातवासमोर वापरतो, त्याला नाशिकचा नकाशा माहीत असण्याचं काही कारण नाही.

मला यात सगळ्यात भारी काय वाटतं सांगू? त्या गोऱ्या शिपायांनी 'ताप' हा शब्द घेताना फक्त अंगातला ताप घेतला नाही. आपण म्हणतो ना, 'डोक्याला ताप झालाय नुसता'? तोच अर्थ त्यांच्या वाक्प्रचारात आहे. थर्मामीटरने मोजता येणारा ताप आणि मोजता न येणारा ताप, दोन्ही एका शब्दात ठेवायची ही आपल्याकडची पद्धत. कुणीतरी पंखा ओढणारा, कुणीतरी चहा आणणारा, कुणीतरी कपडे धुणारा त्यांच्यासमोर 'ताप, ताप' म्हणाला असणार, त्याशिवाय शब्द जात नाही. रिचर्ड्सचं नाव पुस्तकावर आहे. ज्याच्या तोंडून शब्द गेला त्याचं नाव कुठेच नाही.

हा भाग मी का करतोय, ते आता सांगतो. स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्यांना 'इडियम्स अँड फ्रेजेस' हे प्रकरण माहीत आहे. दोन रकाने. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. पाठ करा. चौसाळ्यात, पाटोद्यात, केजला, पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांत हजारो पोरं ते रकाने पाठ करतात. त्यात कुठेही लिहिलेलं नसतं की ही म्हण कुणाची, कोणत्या कामातून आली. मग नोकरीला लागल्यावर मीटिंगमध्ये कुणी 'बॉलपार्क फिगर द्या' म्हणालं की आपल्याकडची हुशार पोरं गप्प होतात. उत्तर माहीत असतं, पण प्रश्नातला शब्द अडवतो. समोरच्याला वाटतं याला कामच येत नाही. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. अंदाजे आकडा सांगा, एवढंच. बेसबॉल तो म्हणणाऱ्यानेही बहुतेक कधी खेळलेला नसतो.

आणि मराठवाड्यातल्या पोरांची ही अडचण 'इंग्लिश कच्चं आहे' एवढ्यावर संपत नाही. तिला इतिहास आहे. मुंबईत ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा पानावर दोन रकाने होते. एकात मराठी, शेजारी इंग्रजी. त्याच्या आदल्या वर्षी, १८३१ ला, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. १८५७ ला मुंबई विद्यापीठ. म्हणजे मुंबई-पुण्याकडच्या शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर दोन्ही भाषा शेजारी शेजारी होत्या, चार-पाच पिढ्या. आपण कुठे होतो? बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कारभार आधी फारसीत, मग १८८० च्या दशकापासून उर्दूत. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. घरात मराठी, कचेरीत उर्दू, आणि इंग्रजी लांब हैदराबादेत. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं, औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय १९५० ला निघालं, मराठवाडा विद्यापीठ १९५८ ला. मुंबईपेक्षा शंभर वर्षं उशिरा. एखाद्या सर्व्हरवर शंभर वर्षं अपडेटच आला नसेल तर तो सर्व्हर मंद आहे असं कुणी म्हणत नाही.

एक गंमत मात्र आहे. इंग्रजी आपल्याकडे उशिरा आली तरी इंग्रजी वाक्प्रचार मराठीचे कपडे घालून खूप आधी येऊन बसले. कुठून? पेपरातून. मुंबई-पुण्याच्या संपादकांनी इंग्रजी पेपर वाचून ते मराठीत उतरवले आणि आपण ते आपलेच समजून वापरतो. घोटाळ्याची बातमी आली की 'हे हिमनगाचं टोक आहे'. मंडळी, बालाघाटाच्या डोंगरात हिमनग? आमच्या गावात बर्फ दिसतो तो उसाच्या रसाच्या गाड्यावर. हिमनगाचा नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो हे खरं, पण ते आपल्याला कळलं ते भूगोलाच्या पुस्तकातून आणि टायटॅनिक पिक्चरमधून. तरी शब्द चालतो, कारण अर्थ लागतो.

दुसरा बघा, 'हिरवा कंदील'. सरकारने योजनेला हिरवा कंदील दाखवला. हा रेल्वेतून आलेला. सिग्नल देणाऱ्याच्या हातातला दिवा. आता यात एक किडा आहे जो मला फार आवडतो. इंग्लंडमध्ये रेल्वे नवीन होती तेव्हा हिरवा म्हणजे 'जा' असं नव्हतंच. पांढरा दिवा म्हणजे जा, हिरवा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. पण पांढऱ्याचा घोळ असा की लाल दिव्याची काच फुटली की आतला उजेड पांढराच दिसायचा, आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे. घरांचे, रस्त्यांचे दिवेही पांढरेच. शेवटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरा काढून टाकला आणि हिरव्याला 'जा' केलं. म्हणजे हिरवा कंदील याचा मूळ अर्थ 'जपून' होता. इंजिनिअर लोकांना कळेल, डिफॉल्ट व्हॅल्यू चुकीची ठेवली की काय होतं.

पण बीडकरांसाठी या वाक्प्रचाराची गोष्ट वेगळीच आहे. मुंबई-ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. आमच्या जिल्ह्यात परळीला रेल्वे होती, पण बीड शहराला नाही. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. त्यानंतर आमच्याकडच्या पेपरांत 'बीड रेल्वेला हिरवा कंदील' हा मथळा कितीदा आला असेल, मोजदाद नाही. कधी निधीला हिरवा कंदील, कधी भूसंपादनाला, कधी सुधारित खर्चाला. जमिनी गेल्या, रूळ आले नाहीत. आष्टीपर्यंत गाडी आली २०२२ च्या सप्टेंबरात. आणि बीडला? १७ सप्टेंबर २०२५, मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी. म्हणजे वाक्प्रचार आमच्याकडे आधी आला आणि ज्या गाडीवरून तो वाक्प्रचार निघाला ती गाडी तीस वर्षांनी. ज्यांनी ती मागणी लावून धरली त्यातले कितीतरी लोक तोवर गेले. उद्घाटनाला मुख्यमंत्र्यांनी दाखवला तो झेंडा होता, कंदील नाही, हे जाता जाता. आणि चौसाळ्याला अजूनही सोलापूर-धुळे महामार्गच आहे, त्यामुळे आम्ही गाडी बघायला बीडला जातो.

आता 'लालफीत'. सरकारी काम अडलं की लालफितीचा कारभार. ही फीत खरी होती आणि आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून कायद्याचे आणि सरकारी कागद लालसर फितीने बांधायची पद्धत. तिथले वकील आजही कागद गुलाबी फितीने बांधतात. एकोणिसाव्या शतकात कार्लाइल आणि डिकन्ससारख्या लेखकांनी त्या फितीची इतकी टिंगल केली की 'रेड टेप' ही शिवी झाली. साहेब हिंदुस्थानात आला तेव्हा फीतही घेऊन आला.

पण आपल्याकडे कागद काय मोकळे पडलेले होते? अजिबात नाही. पेशवे दप्तरातले कागद कापडात बांधलेले, त्या गाठोड्याला म्हणायचे रुमाल, आणि मोजणीही रुमालातच. किती कागद आहेत? इतके रुमाल. आपल्याकडे बस्ता म्हणतात. दप्तर हा शब्द तर इतका मुरला की शाळेत जाणाऱ्या पोराच्या पाठीवर जाऊन बसला. हा दप्तर फारसीतून आला, आणि त्याच्याही मागे गेलं तर एक ग्रीक शब्द निघतो, ज्याचा अर्थ कातडं, लिहायचं चामडं. त्याच ग्रीक शब्दातून डिप्थेरिया हे घटसर्पाचं नाव निघालं, कारण त्या रोगात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो. दप्तर आणि डिप्थेरिया, सख्खे नसले तरी चुलत भाऊ. तहसीलला चार हेलपाटे मारलेल्या माणसाला यात आश्चर्य वाटणार नाही.

आणि रेड टेपला आपल्याकडे अस्सल शब्द आहे, 'दप्तरदिरंगाई'. तो इतका पक्का आहे की त्याच्या नावाने कायदा ओळखला जातो. २००५ चा महाराष्ट्राचा कायदा, लांबलचक नावाचा, बदल्यांचं नियमन आणि विलंबाला प्रतिबंध असा. लोक त्याला दप्तर दिरंगाई कायदाच म्हणतात. त्यात लिहिलंय की साधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. सात. हा आकडा लक्षात ठेवा, खिडकीपलीकडच्याला सांगायला उपयोगी पडतो. 'लालफीत' म्हणून नुसता उसासा टाकता येतो, 'दप्तर दिरंगाई कायदा' म्हटलं की समोरचा मान वर करून बघतो.

२०२३ ला तर ही गाठोडी अख्ख्या मराठवाड्यात उघडली. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामाच्या काळातले कागद बाहेर निघाले. ते मोडीत आणि उर्दूत. अचानक मोडी वाचणाऱ्याला आणि उर्दू वाचणाऱ्याला भाव आला. पणजोबांची एक ओळ कुठल्या बस्त्यात आहे यावर नातवाचा दाखला ठरणार, आणि ती ओळ घरातल्या एकालाही वाचता येत नाही. मोडी शाळेतून गेली, उर्दू कचेरीतून गेली, पण दप्तर तिथेच होतं.

बरं, आता थोडं सावध करतो. वाक्प्रचारांच्या गोष्टी रील्सवर धो धो चालतात आणि त्यातल्या निम्म्या थापा असतात. सगळ्यात प्रसिद्ध थाप, 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. म्हणे जुन्या इंग्लंडमध्ये गवताच्या छपरावर कुत्री-मांजरं झोपायची आणि पाऊस आला की घसरून खाली पडायची. तुम्ही गवताने शाकारलेलं छप्पर बघितलंय ना? त्यावर कुत्रं चढून झोपेल का? ही गोष्ट १९९९ साली ईमेलवर फॉरवर्ड झालेल्या एका निनावी लिखाणातून पसरली. खरा उगम पक्का लागलेला नाही, १७३८ साली जोनाथन स्विफ्टच्या एका पुस्तकात मात्र हा वाक्प्रचार छापलेला सापडतो. आपला 'मुसळधार' बघा, काही शोधावं लागत नाही. मुसळाएवढी जाड धार. ज्या घरात मुसळ नाही त्या घरातल्या पोराला मात्र आता हेही समजावून सांगावं लागेल.

'पांढरा हत्ती' तसाच. सयामचा राजा नावडत्या सरदाराला पांढरा हत्ती भेट द्यायचा, त्याला खायला घालून सरदार भिकेला लागायचा, अशी गोष्ट. ऐकायला झकास. पण तिकडे पांढरा हत्ती पवित्र मानायचे, राजाच्या वैभवाचं लक्षण. तो शिक्षा म्हणून वाटल्याचा धड पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. माझा स्वतःचा नियम सोपा आहे. गोष्ट जितकी गोल आणि मजेदार, तितका तिच्यावर संशय जास्त. खऱ्या उगमांना सहसा असा पंच नसतो.

कधी कधी असतो, आणि तेव्हा हसू येत नाही. 'डेडलाइन' घ्या. आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल नावाचा युद्धकैद्यांचा तुरुंग होता. कुंपणाच्या आत काही अंतरावर एक ठेंगणी लाकडी पट्टी मारलेली होती. ती ओलांडली की वरचा पहारेकरी गोळी घालायचा. तिचं नाव डेड लाइन. त्या तुरुंगात सुमारे १३ हजार कैदी मेले, बहुतेक उपासमारीने आणि रोगाने. तुरुंगाचा प्रमुख हेन्री वर्झ याला युद्धानंतर फाशी झाली. हाच शब्द १९२० च्या आसपास अमेरिकन वर्तमानपत्रांत 'बातमी देण्याची शेवटची वेळ' म्हणून आला आणि तिथून आपल्या कॅलेंडरमध्ये. आता शुक्रवारी संध्याकाळी कुणी 'डेडलाइन स्ट्रिक्ट आहे' म्हणालं की मला ती पट्टी दिसते.

'स्केपगोट'चं पण असंच. आपले पेपर त्याला 'बळीचा बकरा' लिहितात. मूळ गोष्ट वेगळी आहे. बायबलमध्ये दोन बकरे आहेत. एकाचा बळी देतात. दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची सगळी पापं ठेवतात आणि त्याला रानात सोडून देतात. स्केपगोट तो दुसरा. सुटलेला, पण ओझं घेऊन. विल्यम टिंडेलने १५३० साली हिब्रूतून भाषांतर करताना हा इंग्रजी शब्द घडवला. आणि बायबल लोकांच्या भाषेत आणायच्या खटपटीपायी १५३६ साली त्यालाच गळा आवळून मारलं आणि जाळलं. भाषांतर हे बिनधोक काम आहे असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. आपल्याकडे देवाला सोडलेला पोळ असतो, तो गावभर मोकळा फिरतो, पण त्याच्यावर पापं ठेवत नाहीत, उलट त्याला शेतातून हाकलायला लोक कचरतात.

शेवटचा एक वाक्प्रचार, आणि तो मी मुद्दाम मागे ठेवला होता. 'ऑल हँड्स ऑन डेक'. रिलीज तोंडावर आली की कंपनीत हे वाक्य येतंच. जहाजावरचं आहे. वादळ आलं की सगळ्या खलाशांनी वर या. पण खलाशी म्हणायच्या ऐवजी हात म्हटलंय. जहाजावर किती हात? इंग्लंडच्या गिरण्यांतही तेच. डिकन्सची 'हार्ड टाइम्स' ही कादंबरी १८५४ ची, तिच्यात गिरणीतल्या मजुरांना सरसकट 'हँड्स' म्हणतात आणि डिकन्सला ते खटकतं. माणसाचं बाकीचं शरीर हिशेबात नाही. कामाला लागतं तेवढंच मोजायचं.

आता आमच्या जिल्ह्यात या. दिवाळी झाली की बीडमधून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून लोक ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून आधी पैसे घेतलेले असतात, ती उचल. आणि मोजणी कशी होते? 'किती कोयते आहेत?' एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन माणसं मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. कामाला दांडी झाली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गेल्या, तेव्हा त्या बातम्यांत खाडा म्हणजे काय हेही समजावून सांगावं लागलं, कारण तो शब्द कळल्याशिवाय बाकीचं कळत नव्हतं. पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली की पैसे जातात, एवढं त्या एका शब्दात होतं.

जहाजावर हात, गिरणीत हात, फडात कोयता. आणि आमच्या एसी ऑफिसात? 'या प्रोजेक्टला किती रिसोर्सेस लागतील?' 'हेडकाउंट किती?' तिकडे हात मोजले, इकडे डोकी. ज्याने कोयता हा शब्द लहानपणी ऐकलाय, त्याला रिसोर्स हा शब्द समजायला कोणत्याही गाइडची गरज पडत नाही. मीटिंगमध्ये 'ऑल हँड्स'चं निमंत्रण येतं तेव्हा तो शब्द कोणत्या रांगेत उभा आहे हे शेजारच्या कॉन्व्हेंटवाल्यापेक्षा आपल्याला जास्त चांगलं ठाऊक असतं.

दाते आणि कर्वे यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' केला, दोन जाडजूड खंडांचा. हाती लागला तर कुठलंही पान उघडा आणि वाचत बसा, वेळ कसा जातो कळत नाही. पण भाषा कोशावर थांबत नाही. ऊसतोडीच्या फडावरचे, बाजार समितीतले, जिनिंगमधले, वीटभट्टीवरचे कितीतरी शब्द अजून फक्त तोंडी आहेत. रिचर्ड्ससारखा कुणी लिहून ठेवेपर्यंत ते तोंडीच राहतात.

म्हणून काम देतो. तुमच्या घरात, तुमच्या आई-वडिलांच्या कामात वापरला जाणारा असा एक शब्द, जो बाहेरच्याला कळणार नाही, तो व्हॉइस नोटने पाठवा. शक्यतो ज्या माणसाचा तो शब्द आहे त्याच्याच आवाजात. तालुक्याचं नाव सांगा, काम कोणतं ते सांगा. नाव घ्यायचं नसेल तर नका घेऊ. पुढच्या भागात ते ऐकू, आणि 'उचल' या शब्दाचा हिशेब जरा सविस्तर मांडू. ज्यांच्या घरचे सध्या फडावर आहेत त्यांनी नोट रात्री पाठवली तरी चालेल, दिवसा रेंज नसते हे माहिती आहे.